युरोपाच्या बर्फातून खाली: प्रोब डिझाइनच्या नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

१२ जानेवारी, रविवार

कॉलेज प्रोजेक्टचा विषय फायनल झाला एकदाचा. बर्फाने झाकलेल्या चंद्रावर उतरून, बर्फ वितळवत खालच्या समुद्रापर्यंत जाणारा प्रोब. कागदावर पूर्ण डिझाइन आणि टेबलावर चालेल असं एक छोटं मॉडेल. थर्मल माझ्याकडे, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॅडला (कॉम्प्युटरवरची ड्रॉइंग) एकेक जण, आणि चौथा भिडू "मी सगळ्यात मदत करतो" म्हणाला, म्हणजे काय ते आपल्याला माहितीये.

चंद्र कुठला यावरच अर्धी दुपार गेली. कॅडवालीला शनीचा एन्सेलाडस हवा होता, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, कॅसिनी यानाला २००५ मध्ये तिथल्या दक्षिण ध्रुवावर फवारे दिसले, त्या फवाऱ्यांतून ते यान उडालं, २०१७ मध्ये त्यात हायड्रोजन असल्याचं जाहीर झालं, २०२३ मध्ये फॉस्फेट. समुद्र स्वतःच बाहेर येतोय तर खाली कशाला जायचं! पण नेमकं तेच माझं उत्तर होतं, की तिथे खाली जायची घाई नाही, फवारा गोळा केला तरी बरंच काम होतं. शिवाय तिथलं गुरुत्वाकर्षण इतकं कमी आहे की ३०० किलोच्या प्रोबचं वजन तिथे आपल्याकडच्या साडेतीन किलोएवढं भरेल. वितळवत जाणाऱ्या प्रोबला नाक बर्फावर दाबून ठेवायला वजन लागतं, नाहीतर मधे पाण्याचा जाड थर साठतो आणि उष्णता बाजूला पळते. युरोपावर तोच प्रोब ४० किलोचा वाटेल. तेवढ्यावर काम भागतं.

तर युरोपा, गुरूचा चंद्र. व्यास ३,१२० किलोमीटर, आपल्या चंद्रापेक्षा जरासा लहान, बर्फाची जाडी १५ ते २५ किलोमीटर धरतात आणि त्याखाली ६० ते १५० किलोमीटर खोल खारा समुद्र, म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी. आम्ही जाडी २० धरली.

१९ जानेवारी

आज नुसतं गणित. युरोपाच्या पृष्ठभागावर विषुववृत्तापाशी तापमान उणे १६० सेल्सिअसच्या आसपास, ध्रुवांवर त्याहून खूप कमी. बर्फ आधी शून्यापर्यंत आणायचा मग वितळवायचा, दोन्ही मिळून किलोमागे साधारण ५९० किलोज्यूल. प्रोबचा व्यास २५ सेंटिमीटर धरला तर एक मीटर खाली जायला ४५ किलो बर्फ वितळवावा लागतो, म्हणजे साडेसव्वीस मेगाज्यूल. १ किलोवॉट उष्णता दिली तर दिवसाला जेमतेम सव्वातीन मीटर आणि २० किलोमीटरला सतरा वर्षं! १० किलोवॉट दिली तर पावणेदोन वर्षं.

आणि हे सगळं आदर्श गणित, एक थेंबही उष्णता बाजूला गेली नाही असं मानून. प्रत्यक्षात ती जातेच, बर्फ जितका थंड तितकी जास्त. प्रोब बारीक केला की नाकाखालचा बर्फ कमी होतो पण मग सामान बसवायला लांबी वाढवावी लागते, लांबी वाढली की बाजूची भिंत वाढते, आणि त्या भिंतीलगतचं पाणी परत गोठून प्रोब जागच्या जागी आवळला जातो, म्हणून भिंतीलाही उष्णता द्यायची, म्हणजे पुन्हा बजेट वाढलं. हे असं फिरून फिरून तिथेच येतं. एकच दिलासा म्हणजे जसजसं खाली जाऊ तसा बर्फ उबदार होत जातो, त्यामुळे वेग वाढत जाईल, सगळ्यात रटाळ प्रवास पहिल्या काही किलोमीटरचा.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने विचारलं की मग पोहणारा रोबो कधी डिझाइन करायचा. म्हटलं आधी खाली तर पोचू दे.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून कॉलेजमध्येच बसलो, लॅब बंद होती म्हणून कँटीनमध्ये.

उष्णता आणायची कुठून? सोलर बाद, गुरूपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या चार टक्क्यांच्या आसपास आणि बर्फाखाली तर शून्य. बॅटरी बाद. वरून केबलने वीज पाठवायची तर वर तरी ती कुठून येणार. राहतं प्लुटोनियम-२३८. क्युरिऑसिटी रोव्हरवर जो जनरेटर आहे त्यात ४.८ किलो प्लुटोनियम ऑक्साइड आहे आणि त्यातून साधारण २,००० वॉट उष्णता निघते, त्यातली वीज होते फक्त ११० वॉट, बाकीची मंगळाच्या हवेत जाते. लोक त्या ११० बद्दल बोलतात, आम्हाला हवेत ते २,०००. म्हणजे दहा किलोवॉटला असे पाच संच. अर्धायुष्य ८७.७ वर्षं, त्यामुळे वाटेत विझायची भीती नाही.

भीती उलटीच आहे. हे बंदच करता येत नाही. रॉकेटवर चढवल्यापासून ते युरोपावर उतरेपर्यंत दहा किलोवॉटची शेगडी कॅप्सूलमध्ये पेटलेली, आणि प्रवास पाच-सहा वर्षांचा. बर्फात असताना जी उष्णता पुरत नाही तीच प्रवासात बाहेर फेकायला कूलिंगचे पाइप आणि रेडिएटर लागतात, आणि ते उतरताना तोडून टाकायचे. सरांनी यावर बोट ठेवलं, "बर्फातलं नंतर सांगा, अंतराळात हा थंड कसा ठेवणार ते दाखवा." त्याचं एक वेगळं चॅप्टर करावं लागणार.

अणुभट्टीचा पर्यायही लिहून ठेवलाय, चालू-बंद करता येते हा मोठा फायदा, पण शिल्डिंगसकट २५ सेंटिमीटरच्या नळीत ती बसवणं आमच्या आवाक्यातलं नाही.

२ फेब्रुवारी

जुनं वाचन. आम्हाला वाटलेलं ही आयडिया अवकाशवाल्यांची, पण फिल्बर्थ प्रोब १९६० च्या दशकातला आहे. कार्ल फिल्बर्थने १९६८ मध्ये ग्रीनलंडच्या हिमस्तरात विजेवर चालणारे प्रोब सोडले, त्यातला एक हजार मीटरच्या थोडा पुढे गेला. भारी गोष्ट ही की केबलचं रीळ वर ठेवलंच नव्हतं, प्रोबच्या पोटात होतं. कारण मागचं भोक लगेच गोठतं, वरून केबल ओढली जाणारच नाही, ती प्रोबनेच मागे सोडत जायची. इतकं साधं आणि इतकं पक्कं, की त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक डिझाइनमध्ये तेच आहे.

पुढचे लोक पटकन नोंदवतो. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने नाकातून गरम पाण्याची धार सोडणारा क्रायोबॉट, म्हणजे बर्फ वितळवत जाणारा रोबो, करून स्वालबार्डच्या हिमनदीत चालवला. जर्मनीतल्या आखेनच्या आइसमोल प्रोबने नाकावर स्क्रू लावला, म्हणजे वजनावर अवलंबून राहायलाच नको, स्क्रू स्वतःला खाली ओढतो, आणि २०१४ मध्ये अंटार्क्टिकातल्या ब्लड फॉल्सजवळ बर्फातून जाऊन खाऱ्या पाण्याचा नमुना आणला. स्टोन एअरोस्पेस कंपनीचा व्हॅल्किरी प्रोब तर ऑप्टिकल फायबरमधून लेझर पाठवून त्याची उष्णता करतो, अलास्कात मातानुस्का हिमनदीत चाचणी झाली. कॅडवाली म्हणाली मग एन्सेलाडसवर स्क्रू लावू की! हो, लावता येईल, पण विषय आता बदलत नाही.

९ फेब्रुवारी

मॉडेलचा श्रीगणेशा. ५० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा गोल बार लेथवर वर्कशॉपच्या मामांनी करून दिला, "कशासाठी?" विचारलं, सांगितलं, तर म्हणाले "बरं, मग पाण्यात गंजणार नाही असे स्क्रू वापरा." नाकात २०० वॉटचा कार्ट्रिज हीटर, मागे तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल, आणि हीटर कमी-जास्त करायला पीआयडी कंट्रोलर, सॉलिड स्टेट रिले. हीटर सोडून बाकीचं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून. हीटर आणि भोक यात मिलिमीटरभराची फट राहिली होती तिथे थर्मल पेस्ट ठासून भरली, नाहीतर हीटर आतल्या आत जळतो.

बर्फाच्या फॅक्टरीतून पाव लादी आणली. रिक्षावाला गोणपाट बघून आधी नाहीच म्हणाला, मग सीट भिजली तर शंभर जास्त या बोलीवर तयार झाला. लादी मधोमध पांढरी असते, हवेचे बुडबुडे अडकलेले, आणि कडेला काचेसारखी स्वच्छ, तर प्रोब मुद्दाम कडेने सोडला म्हणजे आतलं दिसेल.

दिसलं पण. नाकापुढे पाण्याचा पातळ पडदा, त्यातून पाणी बाजूने वर सरकतं, आणि प्रोबच्या मागे चार बोटांवर ते परत पांढरं व्हायला लागतं. ही लादी उणे पाचच्या आसपासची, म्हणजे युरोपाच्या मानाने उकळतीच, तरी वेग आदर्श गणिताच्या दोन तृतीयांश मिळाला. बाकीची उष्णता बाजूला. अर्ध्या वाटेत प्रोब कलायला लागला, हीटरची वायर एका बाजूने बाहेर येते तिथला भार जास्त. एकदा कलला की कलतच जातो, कारण ज्या बाजूला टेकतो तिथेच जास्त वितळतं.

उपाय ठरला तो असा की भिंतीला चार उभे वेगळे हीटर, ज्या बाजूला वळायचं तिकडचा जास्त तापवायचा. म्हणजे स्टिअरिंगही झालं.

१६ फेब्रुवारी

रांगोळीची टेस्ट. युरोपाचा बर्फ काही फॅक्टरीतल्यासारखा शुद्ध नसणार, क्षार असतील, वरच्या थरात उल्कांची धूळ असेल. क्षार पाण्यात विरघळून मागे जातात, न विरघळणारी धूळ मात्र नाकासमोरच बसते. हे तपासायला पांढरी रांगोळी पाण्यात ढवळून थर थर करून गोठवली, एका मित्राच्या मावशीचं आईस्क्रीम पार्लर आहे त्यांच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे अठराला. मावशींनी जागा दिली पण अट घातली की वरच्या कप्प्यातल्या कुल्फीला हात लावायचा नाही.

निकाल एकदम स्वच्छ. पहिले काही सेंटिमीटर मजेत गेला आणि मग वेग पडत पडत जवळपास थांबला. बाहेर काढला तर नाकाखाली रांगोळीची घट्ट चकती, बोटाने दाबली तरी फुटेना. नाकाचं तापमान वाढत होतं, बर्फाला मात्र काही पोचत नव्हतं, मधे ती चकती इन्सुलेशन होऊन बसलेली. मग फिशटँकच्या पंपाने वरचं वितळलेलं पाणी नळीतून परत नाकातल्या तीन बारीक भोकांतून सोडलं, आणि चकती उडून पाण्याबरोबर मागे गेली, पांढरट गढूळ पाणी बाजूने वर येताना दिसत होतं. प्रोब परत चालू! जेपीएलवाल्यांनी पाण्याची धार का लावली ते वाचून कळलं होतं, आज पटलं.

पंपाला वीज लागते. दहा किलोवॉट उष्णतेतून सहाशे वॉटच्या आसपास वीज मिळेल असं धरलंय, त्यात पंप, कॉम्प्युटर, सेन्सर, रेडिओ सगळं. पंप सतत नाही चालवायचा, नाकाचं तापमान वाढलं की चालवायचा.

२ मार्च

काल रात्री साडेअकराच्या सुमारास आपल्या वेळेने नासाचं युरोपा क्लिपर यान मंगळाजवळून गेलं, ८८४ किलोमीटरवरून, वेग आणि दिशा जुळवायला, आणि जाता जाता रडारची टेस्ट पण केली. १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल आणि युरोपाजवळून ४९ वेळा जाईल. उतरणार नाही, युरोपाभोवती फिरणार पण नाही. का, ते आजच्या चर्चेचा विषय, रेडिएशन.

युरोपाच्या पृष्ठभागावर दिवसाला साधारण ५.४ सिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). माणूस एका दिवसाच्या डोसने मरेल, इलेक्ट्रॉनिक्स त्यापेक्षा दमदार पण किती दिवस? नासाच्या युरोपा लँडरच्या प्रस्तावात लँडरचं आयुष्य वीसेक दिवसांचं धरलं होतं, बॅटरीवर. आणि आमचा प्रोब खाली पोचणार दोन-तीन वर्षांनी! म्हणजे प्रोब ज्याच्याशी बोलणार तो वरचा लँडर प्रोब पोचायच्या कितीतरी आधी मेलेला. सगळ्या चित्रांमध्ये वर एक झकास लँडर उभा असतो आणि खाली रोबो पोहत असतो, पण त्या दोघांच्या वेळा जुळत नाहीत हे कोणी बोलत नाही.

बर्फ मात्र स्वतः चांगलं शिल्ड आहे, काही मीटर खाली गेलं की रेडिएशन उरतच नाही. तर आम्ही ठरवलं ते असं: लँडरचा मेंदू वर ठेवायचाच नाही. रेडिओचा डबा प्रोबच्या शेपटीला लावून न्यायचा आणि दहा मीटरवर बर्फात सोडून द्यायचा, त्याच्यासोबत प्लुटोनियमचा छोटा तुकडा, म्हणजे तो उबदार राहील आणि वीजही मिळेल. वर फक्त अँटेना, ज्यात बिघडण्यासारखं काही नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाला या आयडियावर इतका खूश झाला की त्याने स्वतःहून चहा पाजला.

त्याखालचा संपर्क: युरोपा साडेतीन दिवसांत गुरूभोवती एक फेरी मारतो आणि गुरूच्या ओढीने बर्फ सतत ताणला-दाबला जातो, वरच्या कडक थरात भेगा सरकतात, तिथे केबल तुटायची शक्यता जास्त. पण थंड बर्फातून रेडिओ छान जातो. खाली उबदार, खारट बर्फात रेडिओ मार खातो, पण तिथे बर्फ मऊ, केबल टिकेल. म्हणून वर रेडिओच्या चकत्या ठराविक अंतरावर सोडत जायच्या आणि खाली फायबर केबल, दोन्हीचं रीळ पोटात, फिल्बर्थसारखं.

पृथ्वीवर सिग्नल पोचायला एका बाजूने ३३ ते ५३ मिनिटं. तेव्हा कललास तर काय कर, अडकलास तर काय कर, हे सगळं त्याला आधीच शिकवून पाठवायचं.

१६ मार्च

आठवडाभर याच्यावर भांडत होतो आणि मला वाटतं अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात अवघड भाग हाच, पहिला मीटर.

युरोपावर हवा जवळजवळ नाहीच. दाब ६११ पास्कलच्या खाली असेल तर पाणी द्रव राहूच शकत नाही, बर्फ तापवला की थेट वाफ. वितळवायला किलोला ३३४ किलोज्यूल लागतात, वाफ करायला २,८०० च्या पुढे. म्हणजे बर्फ आधी तापवायची उष्णता दोन्हीकडे धरली तरी सगळं बजेट पहिल्या मीटरलाच पाचेक पटींनी कोसळतं. वर पाण्याचा पडदा नाही म्हणजे नाक बर्फाला नीट चिकटत पण नाही.

फिजिक्स डिपार्टमेंटची बेल जार (काचेची हंडी) आणि तिच्यातली हवा काढायला रोटरी पंप मागितला. तिथले लॅब असिस्टंट काका तयारच होईनात, "पाण्याची वाफ पंपात गेली की तेलाचं काय होतं माहितीये का?" माहिती नव्हतं. काकांनी मागच्या बॅचच्या प्रतापाची बाटली काढून दाखवली, तेल पार ताकासारखं झालेलं. शेवटी वाफ वाटेतच गोठावी म्हणून ड्राय आइसमध्ये बुडवलेली काचेची ट्रॅप मधे लावली, पंपाचा गॅस बॅलास्ट (थोडी बाहेरची हवा आत सोडणारी झडप) उघडा ठेवला, आणि संपल्यावर तेल आम्ही बदलून द्यायचं या अटीवर पंप मिळाला.

छोटा १५ वॉटचा हीटर, वाटीएवढा बर्फ. दाब उतरल्यावर हीटर चालू केला आणि थर्मोकपलचा आकडा नुसता चढतच गेला, चाळीस, सत्तर, शंभरच्या पुढे, आणि बर्फात नाक जेमतेम रुतलेलं, कडेने कोरडा खड्डा पडत होता, एक थेंब पाणी नाही. सगळे काचेला नाक लावून बघत होतो. मग दुसरी रचना, भोकाभोवती रबराची झालर आणि वर टोपी, म्हणजे वाफ पटकन पळणार नाही. थोड्या वेळाने टोपीखालचा दाब वाढला असावा, कारण नाकाच्या कडेला ओलं चमकायला लागलं, मग चक्क थेंब, आणि हीटरचं तापमान झपकन खाली आलं, म्हणजे उष्णता आता बर्फात जायला लागली. तो आकडा पडताना बघायला जाम मजा आली.

डिझाइनमध्ये त्याचं असं झालं: प्रोब लँडरच्या पोटातल्या एका नळीतून सुटणार, नळीचं तोंड बर्फावर दाबून सील, प्रोब पूर्ण आत जाऊन मागचं भोक गोठेपर्यंत ती नळी सोडायची नाही. एकदा मागे बर्फाचं बूच बसलं की दाब आपोआप टिकतो. खडबडीत, भेगाळ बर्फावर सील कसं बसवायचं हे अजून सुटलेलं नाही, नळीच्या तोंडाला गरम कडं लावून ते बर्फात रुतवायचं असं सध्या लिहिलंय.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून, श्रीखंड-पुरी हाणून मग ऑनलाइन मीटिंग, अर्धे जण पेंगत होते.

दाबाचा विषय वाटला होता तितका भयानक नाही. युरोपावर २० किलोमीटर बर्फाखाली साधारण २४० बार, म्हणजे आपल्या समुद्रात २,४०० मीटरवर असतो तेवढा. आपली मत्स्य-६००० पाणबुडी तीन माणसं घेऊन ६,००० मीटरपर्यंत, म्हणजे ६०० बारपर्यंत जायला बनवतायत, टायटॅनियमचा गोळा, फेब्रुवारीतच चेन्नईजवळ कट्टुपल्ली बंदरात तिच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. तेव्हा बर्फाच्या तळापर्यंतचा दाब हा इंजिनिअरिंगला माहितीतला प्रश्न आहे. समुद्राच्या तळाशी जायचं म्हटलं तर मात्र मारियाना ट्रेंचच्याही वर, ते आम्ही करतच नाही.

आपल्याकडचे जंतू तिथे जाऊ नयेत याचा नियम कडक आहे, समुद्र दूषित व्हायची शक्यता दहा हजारात एकापेक्षा कमी हवी. २००३ मध्ये गॅलिलिओ यान गुरूत पाडलं ते याच काळजीने, चुकून युरोपावर आदळलं तर नको म्हणून. व्हायकिंग लँडर १९७० च्या दशकात ११० अंशांच्या वर दिवसभराहून जास्त भाजून मग मंगळावर पाठवले होते. आमच्या पार्ट लिस्टमधला प्रत्येक कॅपॅसिटर आता या कॉलममधून जाणार, टिकतो की नाही.

आणि पोहणारा रोबो. जेपीएलमध्ये मोबाइलएवढ्या रोबोंच्या झुंडीवर काम चालू आहे, त्यांचंच ब्रुई नावाचं चाकांचं यंत्र बर्फाच्या खालच्या बाजूला उलटं टेकून चालतं, २०१९ मध्ये अंटार्क्टिकात केसी स्टेशनजवळ चालवलं. आमचा कल ब्रुईकडे, कारण जीव असलेच तर बर्फ आणि पाणी जिथे भेटतात ती जागा बघण्यासारखी, आणि टेकून राहायला वीज लागत नाही, नुसतं तरंगायचं. चौथ्या भिडूने याचं स्केच इतकं सुंदर काढून आणलं की त्याच्याबद्दलचं वरचं वाक्य मागे घेतो.

६ एप्रिल

रिपोर्टची पानं वाटून घेतली. थर्मलला सगळ्यात जास्त, संपर्काला त्याखालोखाल, ब्रुईसारख्या रोबोला दोन पानं आणि ते स्केच. इलेक्ट्रॉनिक्सवाला कुरकुरला की लोकांना तेच बघायचं असतं, कव्हरवर तेच टाकू. टाका, पण मग कव्हरवर नळी आणि टोपीपण दिसली पाहिजे.

राहिलेलं: भिंतीच्या चार हीटरची टेस्ट, मुद्दाम कलवून सोडायचा आणि सरळ येतो का बघायचं. त्यासाठी अर्धी लादी लागेल, उन्हाळा सुरू झाल्यापासून फॅक्टरीवाला आदल्या दिवशी सांगा म्हणतोय, रसवंतीवाल्यांची गर्दी असते. फिजिक्सच्या काकांना पंपाचं तेल नेऊन द्यायचंय, एक लिटर, ते नेहमी वापरतात त्याच ग्रेडचं. मावशींच्या फ्रीझरमधला रांगोळीचा उरलेला ब्लॉक काढून आणायचाय, त्यांचा काल फोन आला होता.